एकोणीस फेऱ्यांचा एक किलोमीटर

माझ्या बहुतेक चुका घाईत झालेल्या नाहीत. शांतपणे बसून, चहा पिऊन, दोनदा तपासून मी त्या केलेल्या आहेत. वर्तुळाची चूक तर मी आलेखासकट केली, आणि तो आलेख कित्येक आठवडे आमच्या फ्रीजवर चुंबकाने लावलेला होता.

बाबांचा उजवा गुडघा बदलायचा ठरला तेव्हा ते कराडहून आमच्याकडे बंगळुरूला आले. ऑपरेशन झालं की दोन महिन्यांत परत, या बोलीवर. नगरवाचनालयात आयुष्यभर पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलेला माणूस. दिलेली गोष्ट मुदतीत परत यावी, हा त्यांचा स्वभावच होऊन बसलेला. त्यामुळे आम्हीही त्यांना मुदतीत परत करावं अशी त्यांची साधी अपेक्षा होती.

आई गेल्यापासून ते कराडला एकटेच राहतात. दोन खोल्या, मागे चार झाडं, संध्याकाळी घाटावर एक मित्र, आणि त्या मित्राशी शब्दकोड्यावरून भांडण. एवढ्यासाठी कुणी जीव टाकतं का, असं मला तोवर वाटायचं. जे. पी. नगरमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्यांना काही कमी नव्हतं. स्वतंत्र खोली होती, खिडकीत गुलमोहर होता, आणि हवा तर अशी की पंखा लावावा लागत नाही. पण ते पंखाही विचारून लावत. एकदा बायकोने म्हटलं, "बाबा, विचारता काय, आपलंच घर आहे." त्यावर ते म्हणाले, "तसं नाही गं. पाहुण्याला भूक लागली तरी विचारून लागते."

ऑपरेशन छान झालं. टाके निघाले, वॉकर गेला, काठी आली. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांनी अट घातली: काठी न घेता, मध्ये कुठेही न बसता, एका दमात एक किलोमीटर चालून दाखवा. आठवडाभर रोज जमलं की एकटे राहायला माझी हरकत नाही. डॉक्टर हे हिंदीत म्हणाले. बाबांनी ते मनातल्या मनात मराठीत करून पाठ केलं आणि रिक्षात बसल्याबसल्या मला विचारलं, "किलोमीटर कुठं आहे तुमच्याकडं?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या रस्त्याच्या फुटपाथवर सलग शंभर पावलंही चालता येत नाही. एक फरशी वर, एक खाली, तिसऱ्या फरशीवर स्कूटर. राहिली ती गल्लीच्या मागची बाग. ही बाग गोल आहे. कडेने सिमेंटच्या ठोकळ्यांची वाट, वाटेच्या आत हिरवळ, आणि बरोबर मधोमध अश्वत्थाचा चौथरा, त्यावर नागाचे दगड. पाटीवर कन्नडमध्ये काय लिहिलंय ते मला तीन वर्षांनंतरही वाचता येत नाही. पण सगळे एकाच दिशेने फिरतात म्हणून मीही फिरतो.

"बास," मी म्हणालो. "बागेच्या किती फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर, ते मी काढून देतो."

"त्यात काढायचं काय?" बायको म्हणाली. "एक फेरी मार, पावलं मोज. झालं."

इथे सांगायला हवं की माझी बायको सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. लोकांनी लिहिलेल्या गोष्टींतल्या चुका शोधायचा तिला पगार मिळतो. आणि मी लिहिणाऱ्यांपैकी. घरात तपासनीस असताना मी तिला एकदाही काही तपासायला दिलं नाही, यावरून आमच्या संसाराबद्दल वाचकांनी काय तो अंदाज बांधावा.

"वळणावर पावलं सारखी पडत नाहीत," मी म्हणालो. "चूक साठत जाते. त्यापेक्षा आतलं एक सरळ अंतर घ्यायचं आणि परीघ सूत्राने काढायचा. शाळेत वर्तुळ कशाला शिकलो मग?"

"तेच मी शाळेत विचारायचे," ती म्हणाली आणि कपडे वाळत घालायला गेली.

रविवारी सकाळी मी बागेत गेलो. एका कडेपासून समोरच्या कडेपर्यंत सरळ जायचं, म्हणजे व्यास मिळाला असता. पण मध्ये चौथरा. तेव्हा मी ठरवलं की वाटेपासून झाडापर्यंतच मोजावं. दुप्पट काय, नंतर करता येते. वाटेच्या आतल्या कडेपासून लांब, सारखी पावलं टाकत निघालो. चौथऱ्याशी चपला काढल्या, वर चढलो, आणखी तीन पावलं टाकली आणि नागाच्या दगडासमोर थांबलो. दगडाला हळद लावत असलेली एक अक्का माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलवत, जमिनीकडे बघत, पावलं जपून टाकत आलेला माणूस बघून तिचा काय समज झाला असेल तो झाला असेल. तिने सरकून जागा करून दिली. मीही मग हात जोडले. बुंध्याची अर्धी जाडी अंदाजाने मिळवली. सतरा मीटर.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. एवढं बरोबर काम माझ्या हातून क्वचितच झालेलं आहे.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. कागदावर दोन ओळींत होणारा हिशोब. पण मी कागद घेत नाही. पूर्वी पाण्याच्या पाइपांच्या एका कामासाठी मी एक छोटं फंक्शन लिहिलं होतं: आकडा द्या, परीघ घ्या. ते कित्येक महिने बिनबोभाट चाललेलं होतं, त्यामुळे त्याच्यावर माझा विश्वास मुलासारखा. पायची किंमत त्यात दशांशानंतर दहा घरांपर्यंत. मी सतरा दिले. त्याने त्रेपन्न पूर्णांक काहीतरी, पुढे आकड्यांची लांबलचक शेपटी, असं उत्तर दिलं. शेपटी बघून मला फार बरं वाटलं. एवढी शेपटी असलेलं उत्तर चुकेल कसं?

फेरी त्रेपन्न मीटरची, म्हणजे किलोमीटरला पावणेएकोणीस फेऱ्या. धरा एकोणीस.

आमच्या धंद्यात आपलं काम दुसऱ्या कुणीतरी बघितल्याशिवाय पुढे जात नाही. तो शिस्तीचा भाग आहे. तेव्हा मी हे सगळं महादेवपुऱ्याच्या ऑफिसातल्या माझ्या शेजाऱ्याला पाठवलं. अकरा सेकंदांत अंगठा आला. आमच्याकडे याला तपासणी म्हणतात.

सोमवारी फ्रीजवर तक्ता लागला. वर मथळा, खाली तारखा, प्रत्येक तारखेपुढे एकोणीस चौकोन. बाबांनी चष्मा लावून तो वाचला. "एकोणीस," ते म्हणाले. "बरं. तू म्हणतोस तर एकोणीस."

पहिल्या दिवशी चार फेऱ्या झाल्या, तिसऱ्या दिवशी पाच. पहिला आठवडा संपता संपता सात. मी ऑफिसला निघण्याआधी तक्ता काढून घेऊन त्यांच्याबरोबर खाली जायचो, चौथऱ्यावर बसून चौकोन भरायचो. दोन आठवड्यांत दहा फेऱ्या झाल्या तेव्हा मी घरी पेढे आणले. "निम्म्याच्या वर आलात!" मी म्हणालो. बाबा पेढा हातात धरून म्हणाले, "निम्मं होय? मला वाटलं झालंच."

मग अकरा झाल्या. बारा. कधीतरी तेरा. आणि तिथेच गाडी अडली. तेराव्या फेरीला त्यांचा चेहरा उतरायचा, मांडी भरून यायची, आणि ते फाटकाजवळच्या बाकावर टेकायचे. संध्याकाळी गुडघा सुजायचा. बायको बर्फाची पिशवी द्यायची आणि माझ्याकडे बघायची.

"अरे," एकदा बाबा म्हणाले, "हा किलोमीटर जरा मोठा नाही वाटत?"

"बाबा, किलोमीटर सगळीकडे सारखाच असतो."

"घरापासून घाटापर्यंत किलोमीटर आहे. मी तिथं जाऊन, भेळ खाऊन, कोडं सोडवून परत यायचो."

"तेव्हा गुडघा तुमचा होता."

 मला हे वाक्य फार चपखल सुचल्यासारखं वाटलं होतं. रात्री मी ते बायकोला पुन्हा ऐकवलं. तिला ते चपखल वाटलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी थोडी अब्रू राहिली असती. पण मी एके दिवशी घड्याळ बांधून त्यांच्याबरोबर चाललो. हे घड्याळ उपग्रहाला विचारून अंतर सांगतं. बारा फेऱ्यांनंतर त्याने सव्वा किलोमीटरच्या वर आकडा दाखवला. माझ्या हिशोबाने तो साडेसहाशे मीटरच्या आत हवा होता. कुठल्याही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मी घरी येऊन बायकोला समजावलं की लहान वर्तुळात, झाडांखाली, उपग्रहाचा गोंधळ उडतो. घड्याळ जवळजवळ दुप्पट दाखवतं.

"बरोब्बर दुप्पट?" ती म्हणाली.

"साधारण दुप्पट."

"घड्याळ चुकतं. बाबांचे पाय चुकतात. बाकी कोण बरोबर आहे?"

मी आलेख काढला आणि तक्त्याशेजारी फ्रीजवर लावला. आडव्या रेषेवर दिवस, उभ्या रेषेवर वेग. बारा फेऱ्यांना सव्वीस मिनिटं, म्हणजे ताशी दीड किलोमीटर. तो आकडा मी लाल केला आणि त्याच्याखाली 'चिंताजनक' असं लिहिलं. मुंगीसुद्धा लाजेल असा वेग. प्रत्यक्षात बाबा भाजी आणायला निघालेल्या कुठल्याही धडधाकट माणसाच्या चालीने चालत होते, हे मला समोर दिसत होतं. पण दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा तर हिशोब कशाला करायचा?

मग मी त्यांना ऑफिसातली भाषा लावली. उद्दिष्ट, टप्पे, सातत्य. "सोमवारपासून चौदा," मी जाहीर करायचो. बाबा मान हलवायचे आणि सोमवारी पुन्हा बारा. असे तीन आठवडे गेले. दोन महिन्यांची मुदत केव्हाच उलटली होती. कराडहून बाबांच्या भाच्याचे फोन यायचे, मामा कधी येणार. बाबा फोन माझ्याकडे द्यायचे. "याला विचार," म्हणायचे, "फेऱ्यांचं खातं याच्याकडं आहे."

बागेत त्यांना एक सोबती मिळाला होता. त्यांच्याच वयाचे, उंच, थोडे वाकलेले, धंद्याने शिंपी. सगळी बाग त्यांना टेलरअण्णा म्हणायची. त्यांचं घराणं मराठी. इकडे किती पिढ्यांपूर्वी आलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. जुन्या पेठेतलं दुकान मुलाला देऊन ते जे. पी. नगरात राहायला आले होते, पण ओळखीच्या बायकांचे घागरे अजून घरी शिवत. खिशात कायम टेपची गुंडाळी आणि खडूचा तुकडा. त्यांच्या मराठीत कन्नड शब्द सहज मिसळलेले असत, आणि बाबांना ते ऐकायला फार आवडायचं. इथे आल्यापासून ऑफिस आणि ट्रॅफिक सोडून दुसऱ्या विषयावर त्यांच्याशी मराठीत बोलणारा हा पहिला माणूस.

त्या शनिवारी बाबांनी तेरा फेऱ्या केल्या. चौदावीला वळले, चार पावलं गेले, आणि परत येऊन बाकावर बसले. मी चौकोनांचा कागद घेऊन त्यांच्यापाशी गेलो.

"आज चौदा होतील असं वाटलं होतं," मी म्हणालो.

 बाबा बुटांकडे बघत म्हणाले, "राहू दे आता. मी इथंच राहतो."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझ्याकडं. नाही व्हायचं ते माझ्याच्यानं. भाच्याला सांग, झाडं घेऊन जा म्हणावं. मोगरा तेवढा मुळासकट काढ म्हणावं, नीट."

"असं काय करता बाबा, अजून सहाच तर राहिल्या!"

"सहाच," ते म्हणाले आणि वाकून बुटाची नाडी सोडायला लागले.

आवाजात राग नव्हता. पुस्तक सापडत नाही म्हटल्यावर वाचकाला ते ज्या आवाजात सांगत असतील, तो आवाज. मला तिथे उभं राहवेना. मी चौथऱ्याकडे गेलो. टेलरअण्णा तिथे चप्पल काढून बसले होते.

"काय की तम्मा," ते धाकट्या भावाला हाक मारावी तसे म्हणाले, "मोठे साहेब आज गप्प का?"

मी सांगितलं. डॉक्टरांची अट, एकोणीस फेऱ्या, तेरावर अडलेली गाडी. सांगताना मी फोनवर माझी आकृतीही दाखवली. हे माझं नेहमीचं आहे. दुःख सांगतानाही मला आकृती लागते.

अण्णांनी फोन लांब धरून बघितला. "सतरा मीटर म्हणजे कुठून कुठवर?"

"वाटेपासून ह्या झाडापर्यंत."

"म्हणजे अर्धं."

"अर्धं म्हणजे त्रिज्या, हो."

"ते नाव आपल्याला ठाऊक नाही. आपण घागरा कापतो तेव्हा कापडाला चार घड्या घालतो. घडीच्या कोपऱ्यावर टेप धरतो आणि तिथून कमरेचं गोल मारतो. अठ्ठावीस कमर असली तर कोपऱ्यापासून साडेचार इंच. साडेचार सक सत्तावीस, वर जरासं. सहापट आणि स्वल्प. सगळं गोल तसंच असतंय, घागरा असू दे नाहीतर बाग. तुमचं किती आलं?"

"त्रेपन्न."

"सतराचे त्रेपन्न? अय्यो, ते तिप्पटच झाले की!" त्यांनी माझ्याकडे काळजीने बघितलं. "ह्या मापानं घागरा शिवला तर बाईचा एकच पाय आत जाईल."

मी हसलो. समजूतदारपणे हसलो, शिकलेला माणूस न शिकलेल्याकडे बघून जसा हसतो, तसा. "अण्णा, एक मिनिट, मी तुम्हाला दाखवतो," म्हणून मी ते फंक्शन उघडलं. त्याच्या पहिल्याच ओळीत, माझ्याच हाताने, स्वच्छ लिहिलेलं होतं की याला व्यास द्यावा.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग झाडाकडे बघितलं, वाटेकडे बघितलं. दुप्पट करायची राहिली होती. पावलं, बुंध्याची जाडी, पायची दहा घरं, सगळं झालं होतं. दोनने गुणायचं तेवढं राहिलं होतं. फेरी एकशे सात मीटरची होती. किलोमीटर साडेनऊ फेऱ्यांत संपत होता. मी पेढे आणले त्या दिवशी बाबा किलोमीटर चालून आले होते, आणि पेढा हातात धरून त्यांनी ते मला सांगितलंही होतं.

इथे एक गोष्ट लिहायची की नाही, यावर मी बरेच दिवस घालवले. लिहितो. एक क्षण मला वाटलं की सांगूच नये. लाज हे एक कारण होतंच. पण दुसरंही होतं. त्यांनी आत्ताच म्हटलं होतं, मी इथंच राहतो. रोज सकाळी कुणाबरोबर तरी खाली उतरायची मला सवय लागली होती. संध्याकाळी दार उघडलं की आतून "आलास का" असा आवाज यायचा, त्याचीही. मी फक्त गप्प बसायचं होतं.

अण्णा माझ्याकडेच बघत होते. "जा, सांगा," ते म्हणाले.

"सांगतो. जरा नीट सावकाश…"

"सावकाश काय? माणूस तिथं बूट सोडतोय!"

मी गेलो. बाबांचा एक बूट काढून झाला होता.

"बाबा," मी म्हणालो, "किलोमीटर साडेनऊ फेऱ्यांतच होतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

 मी वर्तुळाचा मधला बिंदू, त्रिज्या, व्यास असं काहीतरी सुरू केलं. त्यांनी हात वर केला. "थांब. आज मी किती चाललो?"

"एक किलोमीटर चारशे मीटर. जवळपास."

"न बसता."

"न बसता."

"आणि तुझ्या एकोणीस झाल्या असत्या तर?"

"दोन."

"दोन काय?"

"दोन किलोमीटर."

बाबांनी काढलेला बूट पुन्हा पायात घातला. नाडी बांधली, दुहेरी गाठ मारली. मग उभे राहिले आणि शेजारून जाणाऱ्या, मराठीचा गंधही नसलेल्या दोघा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी म्हणत होतो! हा किलोमीटर मोठा आहे, मी पहिल्यापासून म्हणत होतो!"

मला वाटलं होतं रागावतील. रागवायला त्यांना वेळच नव्हता. ते तरातरा चौथऱ्याकडे गेले आणि टेलरअण्णांना म्हणाले, "अण्णा, तुमचा टेप काढा. आपण मोजू."

"बाबा, आता गणित बरोबर आलंय. सहा पूर्णांक अठ्ठावीस गुणिले…"

"आधीचं गणितही तुझंच होतं."

पुढचा पाऊण तास आम्ही तिघांनी त्या बागेत जे केलं ते बघायला लोक चालायचे थांबले होते. शिंप्याचा टेप दीड मीटरचा. अण्णा एक टोक वाटेच्या आतल्या कडेला धरणार, मी वाकून टेप वळणाबरोबर बसवत पुढे नेणार, टोकाशी खडूने रेघ मारणार. बाबा ताठ उभे राहून आकडा म्हणणार. "एकवीस! पुढं. बावीस! अरे, ताण नको देऊस, कापड आहे काय ते?" "ताण देऊ नका हो तम्मा, टेप वाढतो." दोघं म्हातारे मला ओरडत होते आणि माझी कंबर मोडली होती. हळद लावणारी अक्काही तिथे आली. तिला बहुधा हा माझ्या व्रताचा पुढचा भाग वाटला असावा.

एकाहत्तर टेप भरले, वर एक वीत. बाबांनी माझ्या चौकोनांच्या कागदाच्या पाठीवर पेन्सिलने गुणाकार केला, हातचा डोक्यावर लिहून, जुन्या पद्धतीने. "एकशे सहा मीटर सत्तर," ते म्हणाले.

"सूत्राने एकशे सहा पूर्णांक…"

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. अण्णांनी मान डोलावली. "सरी, बरोबर आहे."

घरी बायकोने माझा तो कोड उघडला आणि चार सेकंदांत स्क्रीनवर बोट ठेवलं. मग तिने तिच्या ऑफिसच्या रीतीप्रमाणे नोंद वाचून दाखवली: "चूक कुठे सापडली, बागेत. कुणी शोधली, टेलरअण्णांनी. आधी कुणी इशारा दिला होता, घड्याळाने, बाबांनी आणि बायकोने. त्रास कुणाला, बाबांना." फ्रीजवरचा आलेख तिने काढू दिला नाही. 'चिंताजनक' या शब्दावरचा लाल आकडा खोडून तिथे तिने माझं नाव लिहिलं.

सोमवारी डॉक्टरांकडे गेलो. बाबांनी तारखांचा कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी तो वाचला, गुडघा वाकवून बघितला, सुजेबद्दल विचारलं आणि म्हणाले, "रोज सव्वा किलोमीटर? मी एकच सांगितला होता. कुणी वाढवला?" बाबांनी माझ्याकडे नुसतं बोट दाखवलं. डॉक्टर मला पाच मिनिटं बोलले. बाबा तोवर भिंतीवरचं हाडांचं चित्र मन लावून बघत होते.

"आठवडाभर रोज करून दाखवायला सांगितलं होतं, ते?" बाहेर आल्यावर मी चाचपून बघितलं.

"तीन आठवडे केलंय. तुझाच कागद आहे. पुढच्या गुरुवारचं तिकीट काढ. खालचा बर्थ."

"बाबा, आलाच आहात तर आणखी पंधरा दिवस राहा. आता घाई काय?"

"तीन आठवडे तू मला जास्तीचा ठेवून घेतलायस," ते म्हणाले. "तेवढ्यात भागव."

मी भागवलं. खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांबद्दल मला अजून पुरेसा पश्चात्ताप करता आलेला नाही. सुजेबद्दल होतो. लाल आकड्याबद्दल होतो. पण सकाळी सातला ते पुढे आणि मी मागे, असे जिने उतरायचो, त्याबद्दल होत नाही.

गुरुवारी दुपारची गाडी होती. निरोपाला टेलरअण्णा घरी येऊन गेले. गुडघ्याला सैल पडेल असा घरात घालायचा पायजमा त्यांनी शिवून आणला होता. स्टेशनवर गाडी नेमकी पलीकडच्या फलाटावर लागली आणि आमचा डबा अगदी शेवटी. पूल चढायचा, उतरायचा, मग फलाटभर चालायचं. बॅगा माझ्याकडे होत्या. बाबा हात मोकळे सोडून पुढे चालले होते. हमाल, चहावाले, सामानाच्या गाड्या यांच्यामधून वाट काढत, एकदाही न थांबता. मी मागे धापा टाकत होतो.

डब्याशी पोहोचल्यावर ते वळले. "किती झालं असेल रे हे अंतर?"

माझ्या तोंडात आकडा आला होता. डबे किती, एका डब्याची लांबी किती, पुलाच्या पायऱ्या किती, सगळं येता येता मनात झालंच होतं. मी तोंड मिटलं.

"माहीत नाही," मी म्हणालो.

"शाबास," बाबा म्हणाले, आणि दांडी धरून, नवा पाय आधी टाकून, डब्यात चढले.